अक्षता मोजून कोण टाकतं

आमच्या घरातलं कोणी आजवर विमानात बसलेलं नाही. धाकट्या बहिणीचा मात्र सगळा दिवस विमानाच्या पंखाखाली जातो. ती मुंबईला विमानांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तंत्रज्ञ आहे. गावात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ती हवाई सुंदरी आहे का? नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. आमचे चुलते तर चारचौघांत सांगतात, "आमची पोरगी इमानाचं पंचर काढती." बहीण ते ऐकून हसते. मला राग येतो, कारण ती तिथवर कशी पोचली ते मी पाहिलंय.

माझं कळंबला हायवेलगत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. मी त्या उकलतो, नवी तार भरतो आणि पाठवून देतो. चुकलं तर मोटार पुन्हा जळते, शेतकरी दारात येऊन शिव्या घालतो, मी पुन्हा भरून देतो. संपला विषय. बहिणीच्या कामात पुन्हा भरून देणं हा प्रकारच नाही. म्हणून तिथे परीक्षांवर परीक्षा असतात. त्या पार केल्या, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबलं, की मग एक शिक्का मिळतो. एवढासा, त्यावर ज्याचा त्याचा नंबर. तो कागदावर पडला की विमान सुटतं. तिला तो मिळाला त्या दिवशी तिनं फोन करून एवढंच सांगितलं, "दादा, आता माझ्या शिक्क्यावर विमान सुटनार." आईनं आळीत जिलेबी वाटली. शिक्का म्हणजे काय हे आईला तलाठ्यामुळे ठाऊक होतं. पोरगी तलाठ्यापेक्षा मोठी झाली, असा तिनं त्याचा हिशेब लावला, आणि तो काही फार चुकीचा नव्हता.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना त्यांच्याकडे एक हुकूम आला. एका ठरावीक जातीच्या प्रत्येक प्रवासी विमानाच्या पंखातले सेन्सर तपासायचे. मुदत घालून दिलेली. मुदतीत तपासणी झाली नाही तर ते विमान जमिनीवरच उभं राहणार, मग मालक कोणीही असो. विमान उतरायला लागलं की पंखाच्या कडेच्या पट्ट्या बाहेर सरकतात, हे बहिणीनं आम्हाला जेवताना भाकरीचे तुकडे सरकवून दाखवलं होतं. दोन्ही पंखांच्या पट्ट्या सारख्याच सरकायला हव्यात. एक पुढे आली आणि दुसरी अडकली तर विमान एका अंगाला कलंडू शकतं. त्या सारख्या सरकतायत की नाही, हे वैमानिकाला सांगणारे ते सेन्सर. आई म्हणाली, "म्हंजी एक बैल पुढं आन एक मागं ऱ्हायला की जू तिरकं व्हतं, तसंच की." बहीण म्हणाली, "तसंच." आणि आईनं त्या दिवसापासून सेन्सर हा विषय आपल्याला समजला असं धरून टाकलं.

तपासणीचं काम तसं डोळ्यांचं. पंखाच्या पोटाची झाकणं उघडायची, आत बॅटरीचा उजेड टाकायचा, आणि लांब दांडीचा छोटा आरसा आत घालून सेन्सर मागून-पुढून न्याहाळायचा. दाताच्या डॉक्टरकडे असतो तशातला आरसा, फक्त मोठा आणि मानेतून वाकणारा. ही हत्यारं विमानाच्या शेडबाहेर न्यायची नाहीत, असा कडक नियम. पाळी सुरू होताना मोजून घ्यायची, सुटताना मोजून द्यायची. एखादा पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही, कारण तो पंखात राहिलेला असू शकतो. माझ्या दुकानात पक्कड सापडत नाही म्हणून मी रोज बोंबलतो. बहीण एकदा म्हणाली होती, "दादा, तू आमच्याकडं एक दिवस टिकायचा न्हाईस." खरंच आहे.

तर खंडेनवमी होती. बहीण पाळी संपवून थेट एसटीत बसली आणि चाकणच्या पुढे आल्यावर तिच्या जॅकेटच्या खिशात तो आरसा लागला. तिकडे मोजणीत एक आरसा कमी भरतच होता. तिनं लगेच फोन करून कळवलं. साहेबांनी खडसावलं, पुन्हा असं होता कामा नये म्हणाले, आणि पुढच्या पाळीला आरसा परत आणायला सांगितला. घरी आली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. आम्हाला सगळं सांगून, आरसा ओट्यावरच्या बॅगेत ठेवून ती झोपली.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात. कोयता, खुरपी, फवारणीचा पंप, माझा टेस्टर आणि तार गुंडाळायचं यंत्र. बायकोचं शिलाई मशीन उचलवत नाही म्हणून जागेवरच पुजायचं. घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही त्या रांगेत असतं. बहिणीचं कधीच नसायचं, कारण तिची हत्यारं तिकडे कुलपात. आई दर वर्षी हे बोलून दाखवायची. "सगळ्यांचं पुजते आन जी सगळ्यात मोठं काम करती तिचंच ऱ्हातं," असं म्हणत पाटावर तिच्यासाठी थोडी जागा रिकामी सोडायची. त्या दिवशी हत्यार आपल्या पायानं घरी आलेलं. आईनं पोरीला उठवलंसुद्धा नाही. आरसा काढला, ओल्या फडक्यानं पुसला, रिकाम्या जागेवर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि वर झेंडूचं टपोरं फूल ठेवलं. मी मोबाइलवर फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. मला तेव्हा फार छान वाटलं होतं.

बहीण उठली, पाटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, अगं हे काय केलंस?" पण हसत म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते. मग तिनं ओढणीच्या टोकानं आरसा स्वच्छ पुसला, दांडी पुसली, उजेडाकडे धरून पाहिलं आणि बॅगेत ठेवला. संध्याकाळी मी तिला मंचरच्या स्टँडवर सोडून आलो.

दसरा उलटून गेला, कोजागिरी व्हायची होती. दुपारी दुकानात तिचा फोन आला. आवाज इतका शांत होता की मी हातातली तार खाली ठेवली. पाळी सुटताना ती आरसा पुसत होती, तेव्हा मानेच्या खोबणीत तिला काहीतरी लाल दिसलं. टाचणीनं काढलं. कुंकवात भिजलेला तांदूळ.

त्या आरशानं तिनं घरून गेल्यावर एकच विमान तपासलं होतं. तपासलं, शिक्का मारला, आणि ते विमान माणसं भरून उडत होतं.

तो तांदूळ तिनं नखानं उडवला असता तर जगात कोणाला कळलं नसतं. तिनं तो कागदाच्या पुडीत घातला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मी फोनवर तिला वेडी म्हणालो. म्हणालो, "तांदळाच्या दाण्यानं विमान पडतं का कुठं?"

ती म्हणाली, "बहुतेक काय व्हायचं न्हाई, दादा. पन बहुतेकवर शिक्का मारता येत नाय."

विमान पुढच्या थांब्यावर सुखरूप उतरलं, तिथून रिकामं परत आणून शेडमध्ये उभं केलं होतं. आता प्रश्न एवढाच होता की आरशातून आणखी काही पंखात सांडलंय का. नसेल तर तपासणी पक्की धरता येणार होती, आणि तिचा शिक्काही राहणार होता. खिशातून आरसा बाहेर गेल्याची एक नोंद तिच्या नावावर आधीच पडलेली. त्यात ही दुसरी. "आईला इचार, किती दानं टाकलं व्हतं," ती म्हणाली. "नीट आठवायला सांग. साहेब सोता तिच्याशी बोलनार हायेत."

मी दुकान तसंच उघडं टाकून शेतावर गेलो. आई कांद्याच्या रोपात खुरपत होती. मी विचारलं, आरशावर अक्षता किती टाकल्या होत्यास? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही उन्हानं माझं डोकं फिरलंय.

"आरं, अक्षता मोजून कोन टाकतं?"

मग मी सगळं सांगितलं. तिच्या हातातलं खुरपं गळालं. "इमान पडलं का?"

"नाही, नाही. उतरलं नीट. माणसं घरी गेली."

"मग पोरीचं काय?"

"तिचा शिक्का जाईल कदाचित."

आई बांधावर बसली. मीही बसलो. खरं सांगायचं तर दुसरं काही सुचलंच नाही.

घरी आल्यावर मी मोबाइलमधला पूजेचा फोटो उघडला आणि बोटांनी मोठा करत गेलो. कोयत्यावरच्या अक्षता दिसत होत्या, टेस्टरवरच्याही मोजता आल्या असत्या. आरशाच्या मानेवर नेमकं ते झेंडूचं फूल. फोटो मी उलटासुलटा करून पाहिला, उजेड वाढवून पाहिला. फुलाखाली काय आहे ते फोटोला दिसत नाही हे पाचवीतल्या पोरालाही कळतं, पण मी बघतच राहिलो. आईनं डब्यातून तांदूळ काढले आणि माझ्या टेस्टरवर पुन्हा तशीच चिमूट टाकून बघू लागली. एकदा जास्त पडले, एकदा कमी, एकदा सगळे घरंगळून खालीच गेले. "हात तोच, पन चिमूट तीच येत न्हाई रे," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, राहू दे. तरी ती टाकतच होती.

तेवढ्यात चुलते आले. ते जनावरांचा व्यापार करतात, बेल्ह्याच्या बाजारातून नुकतेच टेंपोनं परतलेले. सगळं ऐकून ते माझ्यावरच उखडले. "येवढी डोस्की घेऊन बसलायसा आन तोडगा सुचना? वहिनी, साहेबाचा फोन आला की सांगायचं, एकच दाना टाकला व्हता. एक टाकला, एक घावला. मिटलं. त्यो काय बघाया येनार हाय का?"

मला ते पटलं. इतकं पटलं की हे आपल्याला आधी का सुचलं नाही म्हणून स्वतःचा राग आला. आई मात्र सांडलेले तांदूळ डब्यात भरत राहिली. देवाचं करायचं आणि त्याबद्दल खोटं सांगायचं, हे तिला आयुष्यात कधी जमलेलं नाही. चुलते म्हणाले, "पोरीपरीस देव मोठा हाय का?" आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "एकच सांगते."

फोन आला. मी स्पीकरवर टाकला. आधी बहीण बोलली, मग साहेब. आवाजावरून माणूस चांगला वाटला. बोलणं शुद्ध, पण आढ्यता नाही. म्हणाले, "मावशी, घाबरू नका. तुम्ही पूजा केलीत, त्यात तुमचं काही चुकलं नाही. फक्त मला आठवून सांगा, आरशावर किती दाणे टाकले होते?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, चुलत्यांकडे पाहिलं. "एकच, साहेब."

"एकच? नक्की?"

"एकच."

चुलत्यांनी मला डोळ्यानं खूण केली. फोनवर कागद हलल्याचा आवाज आला. साहेबांचा सूर मोकळा झाला. ते म्हणाले, "ठीक आहे मावशी. म्हणजे तो एक अर्धा तुकडा, आणि तो आम्हाला मिळालाय. मग काळजीचं काही नाही."

"अर्धा?" आई म्हणाली.

"हो. तुटका दाणा आहे ना, अर्धाच."

आणि आमच्या आईचा चेहरा बदलला. डोंगरातल्या आहुप्याहून ओळखीच्या माणसाकडून येणारा तांदूळ ती पूजेसाठी वेगळा ठेवते. श्रावणापासून वेळ मिळेल तसा सुपात घेऊन निवडते. त्यातली प्रत्येक कणी बाजूला काढते, ती कोंबड्यांना. तुटका तांदूळ देवाला वाहत नाहीत. हे तिला तिच्या आईनं शिकवलं, तिनं माझ्या बायकोला शिकवलं, आणि त्यावरून दोघींचं एकदा भांडणही झालेलं आहे.

"न्हाई साहेब," ती ताठ बसून म्हणाली. "तुटका न्हाई. माज्या अक्षतेत तुटका दाना नसतो. म्या सोता निवडते. आख्खाच व्हता."

मी तिच्या गुडघ्याला हात लावला. ती थांबली नाही. "कुनालाबी इचारा आमच्या आळीत. तुटक्या तांदळानं म्या कधी पूजा केली न्हाई."

मग साहेब म्हणाले, "बरोबर आहे, मावशी." त्यांच्या आवाजातला मोकळेपणा गेला होता. "म्हणजे आख्खा होता. मग उरलेला अर्धा कुठे गेला, ते आम्हाला शोधायला हवं." त्यांनी नमस्कार केला आणि फोन ठेवला. बहिणीचा आवाज पुन्हा आलाच नाही.

चुलत्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि निघून गेले. आईला अजून कळलं नव्हतं. ती मला विचारत होती, "नीट बोलले का रं मी?" काय सांगणार? तिनं पूजेचं खरं सांगितलं होतं, आणि त्या खऱ्यानं पोरीच्या हातातला शिक्का काढून घेतला होता. मी म्हणालो, "नीट बोललीस." पण आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिला सगळं उमगत गेलं. तिनं माझा दंड धरला. "लाव रं फोन परत. सांग त्यास्नी, आईला आठवत न्हाई म्हनावं. म्हातारी हाय, येडी हाय म्हनावं."

मी फोन लावला. साहेब कामात होते.

मग ती उठली आणि लुगडं बदलायला गेली. मी तिकडे जाते म्हणाली, त्या साहेबाच्या पाया पडते, हात माझा होता, पोरीचा नव्हता, असं सांगते. मी सांगितलं की त्या फाटकातून आपल्याला कोणी आत सोडणार नाही. तिला ते खरं वाटेना. पोरीची आई आहे म्हटल्यावर का नाही सोडणार? नेसून, पिशवी घेऊन ती दारात बसून राहिली. माझ्या बायकोनं तिच्या हातातून पिशवी घेतली तेव्हा तिनं ती दिली, पण तिथून उठली नाही.

पंखाचा तो भाग त्यांनी सगळा उघडला. बारीक कॅमेरे घालून पाहिलं, हवेनं ओढून पाहिलं, पुसून काढलं. काही सापडलं नाही. तो अर्धा दाणा आमच्या अंगणात पडला असेल, एसटीत पडला असेल, बहिणीच्या ओढणीला लागून गेला असेल. पण कुठे पडला हे दाखवता येत नाही तोवर तो पंखात नव्हता असंही म्हणता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी सगळे सेन्सर नव्यानं तपासले, दुसऱ्याच कोणाचा शिक्का पडला आणि विमान उडालं. बहिणीचा शिक्का चौकशी होईपर्यंत जमा करून घेतला. चौकशी अजून चालूच आहे. तिची नोकरी आहे, पगारही आहे. ती अजूनही पंखाखालीच असते, पण आता दुसऱ्यांसाठी बॅटरी धरते. तिनंच शिकवलेली मुलं तपासतात आणि शिक्का मारतात. ती हे सांगते तेव्हा तक्रार करत नाही. मला तेच सोसत नाही. तिनं एकदा तरी आदळआपट करावी, आईला दोन शब्द बोलावेत, मला शिव्या द्याव्यात, असं वाटतं. ती म्हणते, "नियम बरोबर हाय, दादा. त्या इमानात तू बसला असतास तर?" मी विमानात कशाला बसतोय, असं म्हणून मी विषय तोडतो. मोटार असती तर उकलून पुन्हा भरली असती. इथे माझ्या हातात काहीच नाही, आणि मी हात चोळत बसण्यापलीकडे काही केलेलंही नाही.

सुरुवातीला आई रोज फोनवर एकच विचारायची, "मिळाला का शिक्का?" बहीण म्हणायची, "न्हाई अजून." दिवाळीत विचारलं, संक्रांतीला विचारलं. मला वाटायचं, किती छळतेय ही पोरीला. मी एकदा आईवर ओरडलोसुद्धा. त्यानंतर कधीतरी आईचं विचारणं बंद झालं. मला बरंच वाटलं.

परवा बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, कांद्याचं झालं. मग म्हणाली, "दादा, आई हल्ली शिक्क्याचं इचारत नाय."

"तुला त्रास नको म्हणून," मी म्हणालो.

तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती इचारायची ना, तवर मला वाटायचं, मिळंल."

मी फोन घेऊन तसाच आईकडे गेलो. ती मोरीपाशी भांडी घासत होती. मी म्हणालो, घे, पोरगी आहे फोनवर, शिक्का मिळाला का म्हणून विचार तिला. तिला बरं वाटेल. आईनं हात पुसले आणि फोन कानाला लावला. तिनं दोनदा तोंड उघडलं. मग म्हणाली, "जेवलीस का गं?" तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे, तिनं "बरं" म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"अगं, विचारलं का नाहीस?"

आई पुन्हा भांड्यांपाशी बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागच्या टायमाला त्यावर मीच बोलले, आन तिचं व्हतं ते गेलं. आता मी न्हाई बोलत. तूच इचार."

मी हातातल्या फोनकडे पाहिलं. तो चालूच होता, बहीण अजून पलीकडे होती.